मोटारीच्या दारांची पूजा

आमच्याकडे मोटार आली तेव्हा तिला दारं होती, पण दारांना आतली बाजू नव्हती. बाहेरून धड पत्रा, आणि आत बसून पाहिलं तर दाराच्या पोटातलं सगळं उघडं: काच वर-खाली करणारी दात्यांची चक्री, तिचा लांब दांडा, कडी ओढणारी सळई, आणि तळाशी गंज, पालीची अंडी आणि कुणीतरी कधीकाळी ओढलेल्या विड्यांची थोटकं. त्यावर जे पुठ्ठ्याचं अस्तर असतं, ज्याला नाना ‘पॅनेल’ म्हणत आणि आई ‘दाराचा परकर’ म्हणे, ते वाळवीनं कधीच खाऊन टाकलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. फोर्टातल्या एका बोटींच्या कंपनीत ते हेडक्लार्क होते. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना ही दोन दारांची लहानशी मोटार त्यांच्या गळ्यात बांधून गेला, आणि नाना तिला मोठ्या थाटात बोरीवलीला घेऊन आले. खरं म्हणजे स्टेशनपासून दोन बैल तिला ओढून घेऊन आले. नाना आत चाक धरून बसले होते, आणि चेहरा असा, की ते बैल म्हणजे इंजिनाचाच एक भाग.

आमचं घर बैठं, कौलारू, पुढे मोठं अंगण. मागे भय्याचा तबेला, त्यापलीकडे भातखाचरं आणि मग कान्हेरीचा डोंगर. आताच्या बोरीवलीत मी गेले, की रिक्षावाल्याला ‘इथंच कुठंतरी आमचं अंगण होतं’ असं सांगते आणि तो मीटरकडे बघतो. सकाळी म्हशींच्या गळ्यातल्या साखळ्या वाजायच्या, दुपारी कोंबड्या, आणि रविवारी दिवसभर नाना. ‘पान्हा दे’, ‘तो नव्हे, दुसरा’, ‘हा कुणी हलवला?’ हे आमच्या रविवारचं संगीत. इंजिन कसं सुरू झालं ते मी सांगत बसत नाही, कारण ते कुणालाच कळलं नाही, नानांना तर नाहीच. एक दिवस ते खोकायला लागलं, आणि तबेल्यातली एक म्हैस दावं तोडून पळाली, एवढं मला आठवतं.

आईला मोटारीचं कौतुक नव्हतं असं नाही, पण तिचं कौतुक वेगळ्या जातीचं होतं. अंगणात एवढा मोठा, सपाट, उन्हानं तापलेला पत्रा आयता उभा आहे म्हटल्यावर ती कशाला सोडते? टपावर कुरडया, बॉनेटवर सांडगे, मागच्या उतारावर सोडे. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, आम्हा सीकेपींचा जीव की प्राण. नाना ऑफिसातून येऊन आधी मोटारीकडे बघत, मग आईकडे, मग हताशपणे एक सोडा उचलून तोंडात टाकत. आमचे शेजारी पास्कूकाका, मूळचे मनोरीचे, गावठाणातल्या त्यांच्या वाडीची भिंत आमच्या अंगणाला लागून. ते त्या भिंतीवर बसून हे सगळं बघत आणि म्हणत, “नाना, तुमची मोटार चालो न चालो, वास झकास येतो बघा.”

पॅनेलांचं काम मात्र नानांनी असं मनावर घेतलं, की इंजिनाचं काही तेवढं घेतलं नसेल. त्यांचं म्हणणं, माणूस मोटारीत बसतो तेव्हा त्याला इंजिन दिसतं का? नाही. त्याला दिसतं दार. म्हणून दार देखणं पाहिजे. वर्तमानपत्राचे कागद दारावर धरून आम्ही आकार काढला, त्यावरून थ्रीप्लायचे तुकडे कापले: दोन दारांचे दोन, आणि मागच्या बाकाच्या दोन्ही अंगांना दोन, असे चार. त्यावर जुन्या गादीचा पिंजलेला कापूस पसरला, वर अमसुली रंगाचं रेक्झिन ताणून खळीनं चिकटवलं. खळ आईनं ढवळली, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालून, आणि ढवळताना सारखं म्हणत होती, “ह्यात जरा गूळ घातला तर शिराच झाला असता.” पॅनेलाच्या मागच्या कडेला स्प्रिंगचे चाप असतात. दाराच्या पत्र्याला भोकं असतात, त्यात ते चाप एकेक करून दाबून बसवायचे. नीट बसला की ‘टक्’ असा आवाज येतो. तो ‘टक्’ यायला महिने लागले. चाप भोकासमोर आला तर रेक्झिनला सुरकुती, सुरकुती काढली तर चाप इंचभर बाजूला. आमचं सगळं घर त्या ‘टक्’कडे कान लावून असायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “झालं का हो टक्?” आणि नाना म्हणायचे, “नाही. खट् झालं.” खट् म्हणजे चाप तुटला.

ह्या कामात नानांना माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी एकुलती एक, आणि घरात माझाच हात एवढा बारीक, की दाराच्या पत्र्यातल्या खाचेतून कोपरापर्यंत आत जायचा. “इंदू, आत हात घाल आणि काय लागतं ते सांग,” असं ते म्हणत, आणि मी डोळे मिटून सांगे, “दांडा लागतोय. आता दाते. आता काहीतरी मऊ लागतंय. ई!” हळूहळू मला ते पोट तोंडपाठ झालं. नानांना मात्र पॅनेल काढायचं म्हटलं की घाम फुटे, कारण काढताना रेक्झिन फाटेल ही त्यांना धास्ती. मी स्वयंपाकघरातला कालथा आणला. त्याची पातळ धार पॅनेलाच्या कडेखाली सरकवली, चापाशेजारी नेऊन मनगटाला एक हिसडा दिला, की चाप अलगद सुटायचा. नानांनी कालथ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आईला सांगू नकोस.” आई त्याच कालथ्यानं घावणे उलटायची.

आता मुद्द्याचं सांगते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मला कॉलेजात जायचं होतं, सायन्सला. नुसतं जायचं होतं असं नाही, त्यापुढे मला काही दिसतच नव्हतं. काच कशी चढते हे कळल्यावर मला आगबोट कशी चालते, पंखा कसा फिरतो, सगळंच कळून घ्यायचं होतं. नाना ‘बघू’ म्हणत. नानांचा ‘बघू’ म्हणजे काय ते मला माहीत होतं. तेवढ्यात गिरगावातलं एक स्थळ सांगून आलं. मुलगा विमा कंपनीत, घरचे तालेवार. नाना एका संध्याकाळी मला म्हणाले, “इंदू, हे जमलं तर कॉलेजाचा प्रश्नच मिटला.” त्यांना वाटलं त्यांनी मला आनंदाची बातमी दिली. मी न्हाणीघरात जाऊन बादलीभर रडले. आईनं दारावर थाप मारून विचारलं, “पाणी संपवलंस का सगळं?”

पाहुणे मे महिन्यातल्या एका रविवारी यायचे ठरले, आणि नानांनी जाहीर केलं, की त्यांना स्टेशनवरून घोडागाडीनं नाही, आपल्या मोटारीनं आणायचं. झालं! चारही पॅनेलं शनिवारी बसलीच पाहिजेत. त्यात दारांच्या बाहेरच्या मुठी निकेल चढवायला दिलेल्या, त्या काही परत आल्या नव्हत्या. म्हणजे दार फक्त आतून उघडायचं. बाहेरून उघडायचं असेल तर खिडकीतून हात घालून आतली कडी ओढायची. नाना म्हणाले, “काचा खालीच असतात, काय अडतंय?” मे महिन्यात बोरीवलीत मोटारीच्या काचा वर करायची बुद्धी कुणाला होणार?

शनिवारी मागची दोन पॅनेलं बसली. दारांची बसायची, तोच आई हातात ताम्हन घेऊन आली. ताम्हनात लाल कापडाच्या दोन पुरचुंड्या: आत सुपारी, हळकुंड, अक्षता. आपल्याकडे नव्या घराची चौकट बसवतात तेव्हा पूजा करून अशी पुरचुंडी चौकटीला बांधतात. आईचं म्हणणं, दार ते दार. नाना भडकले. “अगं, ही मोटार आहे, बंगला नव्हे! विलायतेत असलं कुणी करत नाही.” आई म्हणाली, “म्हणून तर त्यांना आपला देश सोडावा लागला.” यावर नाना चहा प्यायला आत निघून गेले. आईनं मला खूण केली आणि मी खाचेतून हात घातला. “घट्ट बांध हं,” आई म्हणाली. बांधणार कशाला? हाताला जे पहिलं लागलं, त्या काचेच्या दांड्याला मी पुरचुंडी लाल नाड्यानं घट्ट बांधली. दोन्ही दारांना अगदी एकाच जागी, एकाच गाठीनं, कारण आईला टापटीप आवडायची. मग नाना आले, आम्ही पॅनेलं चढवली, आणि टक्, टक्, टक्, असे चाप बसले की पास्कूकाकांनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या. नानांनी पॅनेलावरून हात फिरवला. माझ्या जन्माच्या वेळी ते असे दिसले होते का, हे मी आईला विचारलंही. ती म्हणाली, “छे! तेव्हा घाबरले होते.”

रविवारी घरात सोड्याच्या पोह्यांचा आणि खाजाच्या कानवल्यांचा घमघमाट सुटला होता. मला नवी साडी नेसवली होती, आणि आई माझ्या केसांत गजरा असा खोचत होती, जशी नारळात पाचर मारावी. तेवढ्यात भोंगा वाजला. मोटार अंगणात आली, बाहेरून लाल धुळीनं माखलेली, आणि दोन्ही काचा घट्ट वर! झालं होतं असं, की मुलाच्या आईनं, त्यांना सगळे माई म्हणत, स्टेशनबाहेरची धूळ पाहून नानांना काचा वर करायला सांगितल्या, आणि मोटारमालकाच्या तोऱ्यात नानांनी त्या पार वरपर्यंत चढवल्या. मोटार आंब्याखाली थांबली. इंजिन बंद झालं. आम्ही पायरीवर हसतमुख उभ्या. कुणीच उतरेना.

आत नाना कडी ओढत होते. कडी हलेना. मग काचेचं हँडल फिरवायला गेले, तर तेही जागचं हलेना. त्यांनी हसून पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. शेजारी मुलाचे वडील बापूसाहेब बसले होते, जरीची टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि दोन माणसांचा देह. त्यांनी आपल्या बाजूची कडी ओढली. तीही घट्ट. नाना हसायचे थांबले. काचेआड चौघांची तोंडं बरणीतल्या लोणच्यासारखी दिसत होती. आई म्हणाली, “बोलत बसलेत वाटतं.” पास्कूकाका भिंतीवरून उतरून आले, काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, “अडकले गो! पहार आणू काय?” पहार हा शब्द नानांना काचेतूनही ऐकू गेला. त्यांनी दोन्ही हात पॅनेलावर असे पसरले, जसे पोरीच्या अंगावर कुत्रा आल्यावर बाप पसरतो.

त्या मोटारीची पुढची काच मात्र जुन्या पद्धतीची होती, वरच्या कडेला बिजागऱ्या, आणि खालून दोन स्क्रू सोडले की पुढे उचलली जायची. नानांनी ती उचलली. आतून वाफ बाहेर आली आणि पाठोपाठ माईंचा आवाज, “अहो, पाणी द्या कुणीतरी, मी शिजले!” आईनं बॉनेटवरून ओणवं होऊन आधी पाणी दिलं, मग पन्हं दिलं, आणि पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं नाही म्हणून पोह्यांच्या बशाही आत सरकवल्या. माझी आजही पैज आहे, की मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी पुढच्या काचेतून पोहे खाल्ल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. बापूसाहेब घामानं निथळत होते, पण बशी त्यांनी रिकामी केली. “सोडे उत्तम आहेत,” ते म्हणाले, “पण आम्ही इथून बाहेर कधी पडणार?”

तोवर मला कळून चुकलं होतं. काच खाली असताना दांडा खाली. काच वर गेली की दांडा वर, आणि दांड्याबरोबर माझी पुरचुंडी वर. वर कडीची सळई. सुपारी आणि हळकुंड त्या दोघांच्या मध्ये पाचरीसारखं बसलं असणार, एका बाजूला आणि दुसऱ्याही बाजूला, आमच्या टापटिपीमुळे. मी आईच्या कानात सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

“नाना, पॅनेल काढायला लागेल,” मी म्हणाले.

“काल बसवलंय ते!” नाना ओरडले. “सगळे पुढून बाहेर या. एकेक करून या.”

त्यावर माई म्हणाल्या, “हे पुढून बाहेर येणार?” आणि त्यांनी मागून बापूसाहेबांच्या पाठीकडे बोट दाखवलं. बापूसाहेबांनी पोट आत घेऊन पाहिलं, पण ते घेणार तरी कुठे? शेवटी नवरामुलगा मधुकर, अंगानं काडीसारखा आणि तोवर एक अक्षर न बोललेला, तो तेवढा मागून सीटांवरून सरपटत पुढच्या काचेतून बाहेर आला, बॉनेटवरून घसरला, आणि आईनं पाहुण्यांसाठी काढलेल्या रांगोळीत बसला. कमळ त्याच्या विजारीला चिकटलं. मी पदर खोचला, कालथा दातांत धरला आणि नव्या साडीनिशी डोकं पुढे करून आत शिरले.

डोकं पुढे करून आत शिरलं की माणूस कुठे पडतो, याचा मी विचार केला नव्हता. मी बापूसाहेबांच्या मांडीवर पडले. भावी सासऱ्यांच्या मांडीवर, तोंडात कालथा! बापूसाहेबांनी दोन्ही हात वर केले, जसे पोलिसासमोर चोर करतात. कशीबशी मी गिअरच्या दांड्याशी अंग चोरून बसले. आधी काचेच्या हँडलाची खीळ काढायची असते, तिला बारीक टोकाचं काहीतरी लागतं. “माई, केसांतला आकडा द्या,” मी म्हणाले, आणि माईंनी अंबाड्यातला आकडा तत्परतेनं काढून दिला. खीळ निघाली, हँडल निघालं, मग मी कालथा पॅनेलाखाली घातला. नाना एकेका चापाला कण्हत होते. “हळू. अगं हळू. रेक्झिन! इंदू, रेक्झिन!” माई मागून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि विचारत होत्या, “आता हे काय? आणि हा दांडा कशाचा?” मी सांगत होते. त्या म्हणत होत्या, “अय्या, खरंच की!” पॅनेल सुटलं, मी हात आत घातला, नाड्याची गाठ तोडली आणि पुरचुंडी बाहेर काढली.

“हे काय?” बापूसाहेबांनी विचारलं.

नानांनी पुरचुंडीकडे पाहिलं. मग पुढच्या काचेतून आईकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. आई शांतपणे म्हणाली, “दाराची पूजा केली होती.” आणि बापूसाहेब, जे आता नक्की भडकणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, त्यांनी पुरचुंडीला हात जोडले. पूजेवर रागवायचं कसं? माई तर म्हणाल्या, “बरोबर केलंत. दार ते दारच.”

डावं दार उघडलं. आधी कसेबसे बापूसाहेब उतरले, मग माई, मग माझ्यावरून नाना, पॅनेलाकडे वळून वळून बघत. मी आतच होते, पॅनेल मांडीवर घेऊन, केस विस्कटलेले, गजरा कुठेतरी बापूसाहेबांच्या कोटाला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. अशी मुलगी कोण पसंत करणार? सुटले एकदाची! आणि तेवढ्यात माई पायरीवर बसल्या, कानवला हातात घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आम्हाला मुलगी पसंत आहे हो! अशी हातापायानं चपळ मुलगी शोधून मिळायची नाही. आमच्याकडे सगळे नुसते बसणारे.”

नानांचा चेहरा दिव्यासारखा उजळला. ते तोंड उघडणार, आता ‘हो’ म्हणणार, आणि माझं कॉलेज, माझ्या आगबोटी, माझे पंखे, सगळं त्या एका ‘हो’त जाणार. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी फक्त दार ओढून घेतलं. टक्! बाहेरून मुठी नाहीत, दोन्ही काचा वर. मग हात लांब करून पुढची काच बोटभर फट ठेवून खाली ओढली, आणि त्या फटीतून ओरडले, “मला लग्न करायचं नाही! मला कॉलेजात जायचंय!”

नाना म्हणाले, “आधी बाहेर ये.”

“येत नाही.”

“पहार आणू काय?” पास्कूकाकांनी विचारलं.

“नको!” नाना किंचाळले.

मी कालथा उचलला आणि मागच्या बाकावर गेले. “तुम्ही हो म्हणाल तर मी हे पण काढीन,” मी म्हणाले, आणि मागचं डाव्या अंगाचं पॅनेल उचकटायला घेतलं. नाना मोटारीभोवती धावत होते, इकडच्या काचेतून बघ, तिकडच्या काचेतून बघ. “अगं तो कोपरा! तो कोपरा तीनदा चिकटवलाय!” बापूसाहेब म्हणाले, “ही काय मुलगी आहे!” माई म्हणाल्या, “तापट आहे. चालेल.” पॅनेल निघालं. मी ते काचेला लावून दाखवलं आणि दुसऱ्या अंगाला वळले. तेव्हा रांगोळीतला मधुकर उठला, विजार झटकली आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्यासारखा बोलला, “आई, मलाही लग्न करायचं नाही.”

माईंनी कानवला खाली ठेवला. “का?”

“कुणी विचारलंच नव्हतं,” तो म्हणाला.

मग जे भांडण पेटलं त्यात आम्ही कुठेच नव्हतो. माई मुलाला बोलत होत्या, मुलगा एकदा तोंड उघडल्यावर बंद करायला तयार नव्हता, बापूसाहेब घोडागाडी मागवत होते. गाडी आली, ती तिघं भांडत चढली, आणि गेटातून वळताना माईंनी हात हलवून मला ओरडून सांगितलं, “आकडा ठेव तुला!” तो आकडा मी बरीच वर्षं वापरला. नंतर इंजिनीअर होऊन मी कारखान्यात लागले तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात तो असायचा, आणि तिथले साहेब समजायचे की बाई आहे, केसांसाठी असेल.

पाहुणे गेले, दुसऱ्या अंगाचं पॅनेलही निघालं, तरी मी बाहेर आले नाही. स्थळ मोडलं होतं, पण कॉलेज कुठे मिळालं होतं? आज एक स्थळ गेलं, उद्या दुसरं येईल. मला आता मघासारखा जोर उरला नव्हता, साडी अंगाला चिकटली होती, तहान लागली होती आणि रडू येत होतं. आई आली, काच जराशी उचलून पोह्यांची बशी आत सरकवली आणि परत गेली. जाताना नानांच्या समोरून गेली आणि त्यांच्याकडे बघितलं नाही. आईचं न बघणं नानांना फार लागायचं. मी पोहे खाल्ले. रडत रडत पोहे खाता येतात, फक्त सोडा घशाशी अडकतो.

नाना बराच वेळ पायरीवर डोकं धरून बसले होते. मग उठून आले आणि बॉनेटवर टेकले, माझ्याकडे पाठ करून.

“किती काढलीस?”

“तीन.”

“चौथं?”

“उजव्या दाराचं राहिलंय.”

“फाटलं का कुठे?”

“नाही. मी फाडते का कधी?”

“नाहीस फाडत,” नाना म्हणाले. आंब्यावर कावळे भांडत होते. मी चौथ्या पॅनेलाशी कालथा धरून बसले होते, पण हात उचलत नव्हता. त्याची कडा नानांनी तीन रविवार तासली होती.

“ती बाई पसंत म्हणाली ना,” नाना तसेच पाठमोरे म्हणाले, “तेव्हा मला खूप आनंद झाला. अगदी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर पुढचा रविवार आला. मी आहे, मोटार आहे, आणि दारात हात घालायला कुणीच नाही. मला काही बोलताच येईना, इंदू. तू दार ओढून घेतलंस ते बरं झालं.”

“मग तेव्हाच ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“म्हणायचं सुचलं नाही. आता म्हणतो.” ते वळले. डोळे लाल झाले होते आणि नाकावर ग्रीसचा डाग होता. “जा कॉलेजात. सायन्सला जा, कशालाही जा. फक्त रविवार माझा.”

मी डावीकडे सरकून कडी ओढली आणि दार उघडलं. नाना आत आले, शेजारी बसले, आणि माझ्या बशीतला उरलेला एक सोडा उचलून त्यांनी तोंडात टाकला.